नकाशातला पोटखराबा आणि गावचा मांड

मंडळाच्या बैठकीत मागे एक छोटं टिपण वाचलं होतं. त्यावर बरीच चर्चा झाली, काहींनी हरकती घेतल्या. त्या सगळ्या ध्यानात घेऊन ते टिपण वाढवून इथं देत आहे. इतिहासाचं रीतसर शिक्षण माझं नाही. उभी हयात सर्व्हेचे नकाशे, लेव्हल आणि लेआउट यांत गेली. त्यामुळे कोणी पोथी वाचतो, कोणी ताम्रपट वाचतो, तसा मी नकाशा वाचतो. पुस्तकाचं परीक्षण करतात तसं नकाशाचंही करता येतं. त्यात काय दाखवलंय, काय वगळलंय, आणि वगळलेलं कोणाचं होतं, हे विचारायचं, बस्स.

2023 साली नगरनियोजन खात्याने पेडणे तालुक्यातल्या हरमल, मांद्रे, मोरजी, आगरवाडा आणि पार्से या गावांसाठी झोनिंग आराखड्याचा मसुदा काढला, तेव्हा तालुका पेटून उठला. ग्रामसभा झाल्या, मोर्चे निघाले, आणि शेवटी सरकारला तो मसुदा मागे घ्यावा लागला. लोक जिंकले याचा आनंद मलाही झाला. पण मसुद्याविरुद्ध दिलेली निवेदनं आणि भाषणं आठवून पाहिली, तेव्हा एक गोष्ट खटकली. शेती, डोंगर, झरी, पाणीपुरवठा, रस्त्यांची रुंदी, बाहेरचे बिल्डर, सगळ्यावर लोक बोलले. आमचे मांड, आमच्या दहीकाल्याच्या जागा, तरंगांच्या वाटा यांच्याबद्दल मात्र क्वचितच कोणी अवाक्षर काढलं. मी स्वतःही काढलं नव्हतं. हे टिपण त्या विसरण्याबद्दल आहे.

मांड म्हणजे नेमकी कोणती जागा?

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांत गावाने एकत्र येऊन गायचं, नाचायचं, सोंग आणायचं ती ठरलेली जागा म्हणजे मांड. शिगम्याचा मांड वेगळा, धालोचा वेगळा. धालो पौषातल्या रात्री बायका खेळतात. समोरासमोर दोन रांगा, मध्ये मोकळी सारवलेली जमीन. शिगम्याला पुरुषांचा मेळ मांडावर जमून नमन घालतो आणि मगच गावात बाहेर पडतो. मांडावर एरवी चपला घालून जात नाहीत. पण मांडाला भिंत नसते, छप्पर नसते, पाटी नसते. एखादं तुळशीवृंदावन, एखादा धोंडा, एखादं आंब्याचं नाही तर वडाचं झाड, एवढीच खूण. काही ठिकाणी तेही नाही.

मांडाच्या जोडीला दहीकाल्याची जागा. जत्रेच्या रात्री पालखी फिरली की दशावतार उभा राहतो. कधी देवळाच्या सभामंडपात, कधी देवळापुढच्या कापणी झालेल्या शेतात. कुडाळ, वेंगुर्ल्याकडच्या मंडळ्या येतात, आमच्या तालुक्यातल्याही आहेत. एक बाकडं, एक पडदा, पायपेटी, पखवाज, झांज. मध्यरात्र उलटून गेल्यावर सुरू होतं आणि तांबडं फुटेपर्यंत चालतं. सकाळी दहीहंडी फुटली की दुपारी तिथं पुन्हा गुरं चरायला.

तिसरी गोष्ट म्हणजे वाट. पालखी, तरंगं, रोमटामेळ यांचे मार्ग ठरलेले असतात. कोणत्या घरासमोर थांबायचं, कोणत्या बांधावरून उतरायचं, कोणत्या झाडाखाली ओटी घ्यायची हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. पेडण्याची कोजागिरीची पुनव अनेकांनी पाहिली असेल. त्या रात्री भूतनाथ आपल्याला देऊळ बांधून द्या म्हणून हट्ट धरतो आणि लोक त्याला आश्वासन देऊन परत वळवतात, अशी कथा आहे. भगवतीच्या देवळापुढचे ते दोन काळे हत्ती पाहायला पर्यटक येतात. पण पुनवेचं खरं नाट्य देवळाबाहेरच्या उघड्या जागेत आणि वाटेवर घडतं. त्या जागेचा फोटो काढला तर त्यात काहीच दिसणार नाही.

म्हणजे आमच्या कलेच्या जागा वर्षातल्या काही रात्रीपुरत्या जिवंत होतात आणि उरलेले दिवस मोकळ्या पडून राहतात. नकाशाच्या दृष्टीने त्यांचा दोष नेमका हाच आहे.

एक-चौदाच्या उताऱ्यात शोधलं तर

आता उतारा उघडू. गोवा मुक्तीनंतर 1968 चा जमीन महसूल कायदा आला, 1970 च्या दशकात गावोगाव मोजणी झाली आणि आज आपण ज्याला एक-चौदाचा उतारा म्हणतो तो तयार झाला. त्या उताऱ्यात जमिनीचे रकाने पाहा. जिरायत, बागायत, तरी, खाजन, केर, मोरड. किती सूक्ष्म नजर आहे ही! खाऱ्या पाण्याच्या काठची सखल जमीन वेगळी, मधली वाळूमिश्रित वेगळी, उंचावरची वेगळी. शेतकऱ्याच्या तोंडचे शब्द मोजणीदाराने जसेच्या तसे सरकारी रकान्यात घेतले. याबद्दल त्या लोकांना दाद द्यायला हवी.

आणि शेवटी एक रकाना येतो, पोटखराबा. ज्या तुकड्यात पीक निघत नाही तो. कातळ, नाला, पायवाट आणि मांड. मी पाहिलेल्या उताऱ्यांत मांडाची जागा एक तर मोठ्या सर्व्हे नंबरात विरघळलेली होती, नाही तर पोटखराब्यात गेलेली होती. ज्या जागेवर गाव अनवाणी जातं, ती कागदावर निरुपयोगी जमीन.

त्याच उताऱ्यात ‘इतर हक्क’ असाही एक रकाना आहे. कोणाची वाट, कोणाची विहीर, कोणाची झाडं असं तिथं नोंदवता येतं. मांडाचा हक्क तिथं नोंदवायला कायद्याची आडकाठी होती असं मला वाटत नाही. कोणी सांगितलं नाही म्हणून मोजणीदाराने लिहिलं नाही. आणि कोणी सांगितलं नाही, कारण सांगायची गरजच कोणाला वाटली नाही. भाटकार गावातला, कूळ गावातलं, मांड सगळ्यांचा. लिहून कशाला ठेवायचं?

यात पेडण्याच्या इतिहासाचाही भाग आहे. पेडणे 1788 साली कायमचं पोर्तुगीज अमलाखाली गेलं, म्हणजे नव्या काबिजादीत. तोवर देवळं पाडण्याचा काळ ओसरला होता. त्यामुळे सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देश आणि साष्टीत जे झालं ते इथं झालं नाही. उलट बार्देशातले काही देव आसऱ्याला इकडे आले. आमचे मांड जिथल्या तिथं राहिले. जी गोष्ट कधी हिरावली गेली नाही तिचा कागद करून ठेवायची सवय माणसाला लागत नाही. आमची बेफिकिरी ही आमच्या सुदैवाची उलटी बाजू आहे.

हिरवा रंग वाचवतो का?

आता झोनिंगकडे वळू. 2010 च्या बांधकाम नियमावलीत जमिनीचे वर्ग आहेत. वसाहत, वाणिज्य, संस्थात्मक, औद्योगिक, शेती, बागायत वगैरे. प्रादेशिक आराखडा 2021 मध्ये त्याच्याशी जुळणारे रंग आणि पर्यावरणीय क्षेत्रं आहेत. आधीचा 2011 चा आराखडा लोकांच्या आंदोलनामुळे जानेवारी 2007 मध्ये रद्द करावा लागला होता. त्यानंतर 2021 चा आराखडा बनवणाऱ्या कृतिदलात चार्ल्स कोरिया होते. पणजीची कला अकादमी त्यांनीच उभी केली. उघड्या नाट्यगृहाचं मोल ज्यांना कळत होतं असा माणूस त्या कामात होता, तरी वर्गांच्या यादीत मांड आला नाही. यात मी कोरियांना दोष देत नाही. एका वर्गात बसेल अशी गोष्टच ती नव्हती. झोनिंगची भाषा विचारते की या जमिनीवर काय आहे. मांडाचं उत्तर असतं, आज काही नाही, पौषात या.

आपल्यातल्या बऱ्याच जणांचा समज असा की जमीन हिरवी राहिली की सगळं वाचलं. यावर बैठकीत वाद झाला, म्हणून थोडं खुलासेवार लिहितो.

जमीन शेतीची राहिली तर तिच्यावर इमारत येत नाही, हे खरं. 1991 च्या गोवा भूवापर नियमन कायद्याने कुळाला मिळालेली शेतजमीन शेतीखेरीज दुसऱ्या कामाला वापरायला बंदी आहे. 2023 च्या कायद्याने शेतजमीन शेतकरी नसलेल्याला विकण्यावरही निर्बंध आले. पण याच नियमांमुळे दहीकाल्याच्या शेतात नटांना रंग लावायला साधी पक्की खोली बांधायची झाली तर तीही कायद्यात बसवणं कठीण. हिरवा रंग जमिनीला राखतो. तिथं चालणाऱ्या खेळाला तो ओळखतही नाही. मालकाने उद्या शेताला तारेचं कुंपण घातलं, तर झोन हिरवाच राहील आणि दशावतार बंद पडेल.

उलट वसाहतीचा रंगही सरसकट वाईट नाही. घरं वाढली, भाऊ विभक्त झाले, पोरांना घर बांधायला जागा हवी. वाड्यावरच्या माणसाला घर बांधायला परवानगी नाकारून आपण कोणता वारसा राखणार? वाड्यावर माणसंच नसतील तर मांडावर कोण खेळणार?

तेव्हा प्रश्न रंगाचा कमी आणि रंग बदलण्याच्या रीतीचा जास्त आहे. पूर्ण तालुक्याचा आराखडा आला की निदान गोंगाट होतो. 2023 चा मसुदा त्यामुळेच पडला. पण त्याच सुमारास नगरनियोजन कायद्यात 17 कलमाला दुसरं पोटकलम जोडलं गेलं. आराखड्यातल्या ‘अनवधानाने झालेल्या चुका’ दुरुस्त करायच्या या नावाखाली एकेका मालकाच्या अर्जावर एकेका तुकड्याचा झोन बदलू लागला. गावाला आधी विचारायची तरतूद त्यात नव्हती. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने या पोटकलमाचा अर्थ आवळून धरला आणि त्याखालची 2023 ची नियमावली रद्दबातल ठरवली. मधल्या काळात 2024 साली 39-अ हे कलम आलं होतं. त्यात हरकतींसाठी तीस दिवस आहेत. पण त्यातही बदल सर्व्हे नंबरागणिकच होतो.

तीस दिवसांत हरकत घ्यायची म्हणजे काय, याचा विचार करा. राजपत्रात नोटीस येते. त्यात गाव, सर्व्हे नंबर, पोटविभाग, चौरस मीटर. अमुक नंबर म्हणजे आपला धालोचा मांड, हे वाड्यावरच्या कोणत्या बाईला कळणार? तिला जागा ठाऊक आहे, नंबर ठाऊक नाही. नगरनियोजन खात्याला नंबर ठाऊक आहे, जागा ठाऊक नाही. पुढे जमीन महसूल कायद्याखालची सनद होते, पंचायतीचा बांधकाम परवाना होतो, आणि जेसीबी आला की दोन्ही ज्ञानांची पहिल्यांदा गाठ पडते.

शेजार बदलला की

मांडाच्या जागेला कोणी हात लावला नाही तरी शेजारचा झोन बदलून काम होतं. हे मला सगळ्यात गंभीर वाटतं, कारण यात कोणी वाईट माणूस लागतच नाही.

मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ डिसेंबर 2022 मध्ये उद्घाटन होऊन जानेवारी 2023 मध्ये सुरू झाला. राष्ट्रीय महामार्ग 66 रुंद झाला. आतल्या वाड्यांवरच्या जमिनीला भाव आला. समजा, देवळापुढच्या शेताला लागून असलेली भरड जमीन वसाहतीत गेली आणि तिथं दहा बंगले आले. घेणाऱ्याने कष्टाच्या पैशाने घेतलेत, त्याला रात्री झोप हवी. दशावतार पहाटेपर्यंत चालतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी. सांस्कृतिक वा धार्मिक प्रसंगासाठी राज्य सरकार वर्षातून फार तर पंधरा दिवस आणि तेही मध्यरात्रीपर्यंतच सूट देऊ शकतं. बंद सभागृहाला मात्र ही बंदी तशी लागू नाही.

म्हणजे नियम भिंतीला सवलत देतो आणि उघड्या मांडाला देत नाही. माझे आजोबा सांगायचे की त्यांच्या लहानपणी दशावताराला माइक नव्हता, नटाचा आवाज शेताच्या टोकाला पोचायचा. माइक हा अलीकडचा पाहुणा आहे आणि तो थोडा खाली आणायला हरकत नाही. काही कर्णकर्कश भोंग्यांबद्दल जुने रसिकही कुरकुरतात. पण तक्रार झाली की पोलीस भोंग्याची उंची मोजत बसत नाहीत, खेळ थांबवतात. एकदा थांबलेला खेळ पुढच्या वर्षी ‘कशाला झंझट’ म्हणून लवकर आटोपतो. त्याच्या पुढच्या वर्षी रात्री नऊ ते बारा असा ‘कार्यक्रम’ होतो.

बाहेरच्या देशांत हाच प्रश्न संगीताच्या ठिकाणांबाबत आला. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने 2014 मध्ये आणि इंग्लंडच्या राष्ट्रीय नियोजन धोरणाने 2018 मध्ये एक साधं तत्त्व घेतलं. जो नव्याने येतो, त्याने आधीपासून असलेल्या गोष्टीशी जुळवून घ्यायचं. गाण्याच्या जुन्या जागेशेजारी नवी घरं बांधायची तर आवाज अडवायची जबाबदारी बांधणाऱ्याची. आपल्याकडे ती जबाबदारी आपोआप मांडावर येते.

तात्पुरत्या वापराची कल्पना सरकारला नवीन आहे असंही नाही. डिसेंबर 2024 च्या अखेरीस धारगळला सनबर्न महोत्सव झाला. गावात विरोध होता, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि अटी घालून तीन दिवस तो पार पडला. त्या महोत्सवाच्या बऱ्यावाइटाबद्दल मला इथं लिहायचं नाही. मी फक्त एवढं नोंदवतो की एरवी रिकाम्या असलेल्या जागेवर तीन दिवसांपुरती कला उभी राहते ही गोष्ट परवान्याच्या कागदावर नीट मांडता येते. आयोजकाकडे वकील असला पाहिजे, इतकंच.

एक कबुली

आता माझ्या वाट्याचं. नोकरी सोडून मी काही वर्षं खाजगी लेआउटची कामं केली. त्यातलं एक काम आमच्याच भागातल्या एका वाड्याचं होतं, नाव लिहीत नाही. नकाशावर मधोमध एक मोकळा तुकडा होता. मालकाने सांगितलं, इथं बायका धालो खेळतात. मी चांगलं काम करत होतो असं मला वाटलं. मी तो तुकडा ‘मोकळी जागा’ म्हणून राखला. फक्त तो मधोमध असल्यामुळे सहा मीटरचा रस्ता सरळ जात नव्हता आणि दोन प्लॉट वेडेवाकडे होत होते. म्हणून तेवढीच चौरस मीटर जागा मी कडेला, उतारावर सरकवली. क्षेत्रफळ एक सेंटीमीटरही कमी केलं नाही. मंजुरी पटकन मिळाली.

पौषात बायका आल्या. पहिल्या वर्षी कडेच्या जागेवर सारवण घालून खेळल्या. दुसऱ्या वर्षी कमी आल्या. नंतर बंद. कित्येक वर्षांनी त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंना मी विचारलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘बाबा, मांड सरकवचो नासता.’’ मांड सरकवायचा नसतो. एवढंच.

इंजिनियर म्हणून मला क्षेत्रफळ म्हणजे जागा वाटत होती. शंभर चौरस मीटर इथं काय आणि तिथं काय. झोनिंगचा नकाशा हीच चूक तालुक्याच्या मापाने करतो. आणि तो नकाशा माझ्यासारखीच माणसं काढतात. त्यांना कोणी मुद्दाम वाईट म्हणू नये. त्यांच्यापुढच्या कागदावर मांड नसतो.

बैठकीत एका स्नेह्यांनी रास्त प्रश्न विचारला. सोळाव्या शतकात बार्देशातले देव नदी ओलांडून हलवले, तिथं नवी देवळं उभी राहिली, परंपरा चालू राहिली. मग मांड हलवला तर काय बिघडलं? मी यावर बरेच दिवस विचार केला. देव हलले ते जिवावर बेतलं म्हणून हलले, आणि हलवणारे स्वतः गावकरी होते. त्यांनी देवाबरोबर मानकरी नेले, सेवेकरी नेले, काळ-वेळ ठरवून स्थापना केली. लोकांनी विधीने नेलेली जागा रुजू शकते. म्हणजे मांड कधीच हलू शकत नाही असा माझा हट्ट नाही. ज्यांचा मांड त्यांना विचारून, त्यांच्या रीतीने हलला पाहिजे. मी विचारलं होतं ते मालकाला. बायकांना विचारलं नव्हतं.

सभागृह हे उत्तर आहे का?

अशा वेळी एक ठराविक उत्तर मिळतं. सभागृह बांधून देऊ. शेजारच्या डिचोली तालुक्यात साखळीला रवींद्र भवन आहे, तिथं उत्तम नाटकं होतात, आणि पेडण्याच्या मुलांनाही तालमीला, रंगमंचाला चांगल्या जागा मिळायलाच हव्यात. भजनस्पर्धा, नाट्यस्पर्धा, गाण्याचे वर्ग यांना छप्पर लागतं. पण सभागृहात झालेला धालो हा धालोचा नमुना असतो. प्रेक्षक खुर्चीत, बायका मंचावर, निवेदक सांगतो की ही आपली संस्कृती. मांडावर प्रेक्षक जवळजवळ नसतोच. ज्या बायका असतात त्या खेळतात. सभागृहासाठी झोनिंगमध्ये संस्थात्मक वर्ग आहे, अंदाजपत्रकात तरतूद आहे, कोनशिलेवर नाव आहे. मांडासाठी यांतलं काही लागत नाही. त्याला फक्त नाहीसं न करण्याची गरज आहे, आणि सरकारी यंत्रणेला हीच गोष्ट सगळ्यात अवघड जाते.

नोंद आधी, हरकत नंतर

इंग्लंडमधला एक जुना खटला वाचनात आला, तो आपल्याला उपयोगी आहे. 1665 चा, ॲबट विरुद्ध वीकली. एका माणसाच्या खाजगी जमिनीवर गावकरी पूर्वापार नाचायचे. मालक अडवू लागला. न्यायालयाने गावाची नाचण्याची रूढी ग्राह्य धरली, कारण माणसांना विरंगुळा लागतो. मालकी मालकाची, नाच गावाचा. पुढे तिथं कायदे झाले. 2006 च्या कायद्याने वीस वर्षं गावाच्या खेळण्या-बागडण्याला वापरलेली जागा गावची हिरवळ म्हणून नोंदवून घेता येते. पण 2013 मध्ये त्यात दुरुस्ती झाली. एकदा त्या जमिनीवर बांधकामाचा अर्ज आला की नोंदीचा अर्ज करता येत नाही. गोष्ट परदेशातली, धडा आपल्यासाठी. नोंद अर्जाच्या आधी झाली तर तिला वजन.

आपल्याकडे साधनं अगदीच नाहीत असं नाही. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवायच्या विषयांत एकविसावा विषय ‘सांस्कृतिक कार्य’ आहे आणि बाविसावा जत्रा-बाजार. ग्रामसभा मांडांची यादी ठरावाने मंजूर करू शकते. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात रूढीने आलेल्या हक्काला जागा आहे. उताऱ्यातला ‘इतर हक्क’ रकाना अजून तिथंच आहे. आणि 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली पंचायती गावच्या झाडाझुडपांची, वनौषधींची नोंदवही करतातच. माडत, बेल, कुडा यांची यादी होऊ शकते, तर मांडांची का नाही?

म्हणून आपल्या मंडळाने हे काम अंगावर घ्यावं असं मी सुचवतो. मोठा ग्रंथ नको. प्रत्येक मांडासाठी एक पान. वाड्याचं नाव, लोक त्या जागेला काय म्हणतात ते नाव, सर्व्हे नंबर आणि पोटविभाग, कोणत्या महिन्यात काय होतं, शेवटचं कधी झालं, कुठल्या वाटेने तिथं जातात, आणि कोणाला विचारल्याशिवाय तिथं काही करायचं नसतं. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. जागा दाखवायला वाड्यावरची जाणती माणसं लागतील, नंबर काढायला माझ्यासारखे. दोघांनी एकाच वेळी त्या जागेवर उभं राहायला हवं. काही मांडांबाबत गावाला नोंद नको असेल, पवित्र जागेचा गाजावाजा नको असेल. ते ऐकायचं आणि ते पान कोरं ठेवायचं.

असं केल्याने झोन बदल थांबतील असं मी म्हणत नाही. जमिनीला भाव आहे तोवर अर्ज येत राहतील, आणि त्यांतले काही योग्यही असतील. पण पुढच्या नोटिशीत नंबर आला की निदान कोणी तरी म्हणू शकेल, ही अमक्या वाड्याच्या धालोची जागा. तीस दिवसांत एक कागद तरी जाईल. 2023 मध्ये आमच्याकडे तोही नव्हता.

पौष यायला अजून अवकाश आहे. पावसाळ्यात कागदाचं काम होईल, दिवाळीनंतर वाड्यांवर फिरता येईल. पहिलं पान मी लिहून ठेवलं आहे. ते मी कडेला सरकवलेल्या त्या मांडाचं आहे. जुन्या जागेचा नंबर मला तोंडपाठ आहे. आज तिथं सहा मीटरचा रस्ता आहे, सरळ. ‘शेवटचं कधी झालं’ या रकान्यात साल टाकायचं राहिलंय. ते त्या बाईंनाच विचारून टाकेन.